पुसणे हाही उपचार : प्रस्तावना

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा कल्चर रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांची नजर आधी उजवीकडच्या रकान्यावर जाते. तिथे प्रत्येक औषधापुढे एक अक्षर असते. एस असेल तर औषध चालेल, आर असेल तर चालणार नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा रकाना आरने भरत गेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2013 साली देशभरातल्या प्रयोगशाळांचे एक जाळे उभारले. त्यांच्या अलीकडच्या अहवालांत ॲसिनेटोबॅक्टर बॉमनाय या जिवाणूच्या दहापैकी जवळजवळ नऊ नमुन्यांना मेरोपेनेमसारखे राखीव औषधही लागू पडलेले नाही. मग कॉलिस्टिनकडे वळावे लागते. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून हेच औषध एकेकाळी मागे पडले होते.

रिपोर्ट पाहून नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, आता कोणते औषध?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रुग्ण दाखल झाला तो मोटारसायकलच्या अपघातामुळे किंवा अर्धांगवायूमुळे. मग त्याच्या फुप्फुसात हा जिवाणू आला कुठून? घरून येताना तो त्याच्या छातीत नव्हता. शोध घेतला तर उत्तर अनेकदा कॉटपासून हाताच्या अंतरावर सापडते. कॉटचा कठडा, सलाइनचा स्टँड, मॉनिटरचे बटण, इन्फ्युजन पंप, सक्शन करणाऱ्या हाताने मघाशी ओढलेला पडदा. हे पुस्तक त्या हाताच्या अंतराविषयी आहे.

जिवाणू म्हटले की आपल्याला ओल, घाण, सडके पाणी आठवते. कोरड्या, चकचकीत स्टीलवर काही जगत असेल हे मनाला पटत नाही. ॲसिनेटोबॅक्टरची ताकद नेमकी तिथेच आहे. कोरड्या पृष्ठभागावर तो काही दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत तग धरतो. एमआरएसए म्हणून ओळखला जाणारा स्टॅफिलोकोकस सात महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. क्लेबसिएलाच्या बाबतीत तर तीस महिन्यांहून जास्त काळाची नोंद आहे. 2006 साली जर्मन संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हे आकडे एकत्र मांडले, आणि त्यानंतर रिकाम्या कॉटकडे पाहण्याची नजर बदलायला हवी होती. आधीच्या रुग्णाला असा जिवाणू असेल, तर त्याच खोलीत नंतर येणाऱ्या रुग्णाला तो होण्याचा धोका वाढतो, हेही वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. पहिला रुग्ण घरी गेला, चादर बदलली, दुसरा रुग्ण आला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेही नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी वेगळे पुस्तक कशाला, असे कुणी विचारेल. कारण या दोन जिल्ह्यांतले रुग्ण ज्या वाटांनी फिरतात, त्या वाटा जिवाणूलाही मिळतात. आटपाडी किंवा जतचा रुग्ण आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथून सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेला. पाटणचा, वडूजचा रुग्ण कराडला किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात येतो. मिरजेला तर अथणी, चिक्कोडी, विजापूरपासून माणसे येतात. पैसे संपले की खासगीतून सरकारीत, थोडे बरे वाटले की गावच्या दवाखान्यात ड्रेसिंगला, बिघडले की पुन्हा मोठ्या रुग्णालयात. एका आजारात चार ठिकाणच्या चार कॉट होतात. त्यामुळे एकाच रुग्णालयाने आपली फरशी लख्ख ठेवली म्हणून भागत नाही. नदीकाठच्या गावांना जसे वरच्या धरणातून किती पाणी सुटले ते कळावे लागते, तसे खालच्या रुग्णालयाला वरून येणाऱ्या रुग्णाबरोबर कोणता जिवाणू येतो आहे ते कळायला हवे. आज रेफर चिठ्ठीवर रक्तदाब असतो, साखर असते, दिलेल्या इंजेक्शनांची नावे असतात. कल्चरचा निकाल फार थोड्या चिठ्ठ्यांवर असतो. तेवढी एक ओळ छापून घ्यायला जवळपास काही खर्च नाही.

या भागाला वैद्यकाचा मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर 1889 साली या भागात आले. सांगलीत त्यांनी छोट्या दवाखान्यापासून सुरुवात केली आणि 1894 साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडू न देण्याची पद्धत जगापुढे मांडली ती 1867 साली, म्हणजे तेव्हा त्या विचाराला तीस वर्षेही झाली नव्हती. सल्फा औषधे आली 1930च्या दशकात आणि पेनिसिलिन हाती आले दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. याचा अर्थ असा की मिरजेच्या शस्त्रक्रियागृहाची पहिली चाळीस-पन्नास वर्षे प्रतिजैविकाशिवाय गेली. दूरदूरच्या माणसांनी बैलगाडीने आणि रेल्वेने मिरज गाठावे अशी कीर्ती त्या काळात त्या शल्यगृहाने मिळवली. मोतीबिंदू निघत होते, पोट उघडले जात होते, आणि जिवाणूविरुद्ध डॉक्टरांच्या हाती होते ते उकळते पाणी, साबण, कार्बोलिक, ऊन आणि कडक शिस्त. वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे रुग्णालयही त्याच काळातले. क्षयावर औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा, ऊन आणि रुग्णांमधले अंतर हेच उपचार होते. इतिहासाच्या हौसेपोटी मी हे सांगत नाही. आज कॉलिस्टिनसुद्धा न चालणारा रुग्ण समोर येतो तेव्हा आपण त्या रुग्णापुरते 1894 सालात परत गेलेले असतो. त्या सालच्या माणसांना जे येत होते ते आपल्याला यायला हवे.

मधल्या काळात काय झाले ते समजणे अवघड नाही. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. देशाचे स्वतःचे पेनिसिलिन तयार होऊ लागले, ते स्वस्त झाले, तालुक्यापर्यंत पोचले, आणि असंख्य जीव वाचले. त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण इंजेक्शन दिले की जखम भरते असे दिसू लागल्यावर फडक्याची किंमत उतरली. जी गोष्ट शस्त्रक्रियेचाच भाग होती ती 'साफसफाई' झाली, मग 'हाउसकीपिंग' झाली आणि शेवटी कंत्राट झाली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन वापरले तर जिवाणू त्याला सरावतील. औषध शोधणाऱ्याने पहिल्याच दिवशी दिलेला इशारा आपण ऐंशी वर्षे पुरेसा मनावर घेतला नाही. त्याची किंमत किती, तर 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधप्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले, असा लॅन्सेटमधल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

एवढ्या निराशेच्या पार्श्वभूमीवर एक गोष्ट मला या पुस्तकाच्या वाचकाच्या मनावर ठसवायची आहे. प्रतिजैविकाला दाद न देणारा जिवाणू जंतुनाशकाला सहसा दाद देतो. सगळ्या औषधांपुढे आर असलेला ॲसिनेटोबॅक्टर योग्य ताकदीच्या सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत हायपोने, मरतो. प्रतिजैविक जिवाणूच्या एखाद्या नेमक्या जागी घाव घालते, आणि ती जागा जिवाणू बदलू शकतो. हायपोतले क्लोरीन एकाच वेळी सगळीकडे घाव घालते. शरीरात गेल्यावर जो जिवाणू जवळपास अजिंक्य होतो, तो कठड्यावर असेपर्यंत साध्या हायपोने संपतो. लढाई कुठे करायची हे यातूनच ठरते.

पण 'योग्य ताकदीच्या' या दोन शब्दांत सगळी मेख आहे. बाजारात हायपोच्या कॅनवर पाच टक्के लिहिलेले असते. हायपो उन्हाने आणि उष्णतेने उतरतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या स्टोअरमध्ये उभा राहिलेला कॅन ऑगस्टमध्ये उघडला तर त्यात पाच टक्के उरलेले असतीलच असे नाही. ब्लीचिंग पावडरचेही तेच. पोत्याचे तोंड उघडे राहिले आणि पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळी हवेचा दमटपणा लागला की तिची ताकद जाते, वास मात्र राहतो. पाच टक्क्यांच्या ताज्या हायपोपासून कॉट पुसण्यासाठी 0.1 टक्क्याचे द्रावण करायचे तर एक लिटर द्रावणात 20 मिलिलिटर हायपो लागतो. रक्त सांडले असेल तिथे 0.5 टक्क्याचे, म्हणजे एका भागाला नऊ भाग पाणी. हे माप टोपणाने किंवा अंदाजाने घेतले की एक तर द्रावण पाण्यासारखे होते, नाहीतर इतके कडक होते की पुसणाऱ्या मावशींचे डोळे झोंबतात, कॉटला गंज चढतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते वापरणेच बंद होते. दहा-वीस रुपयांचे प्लास्टिकचे मापपात्र प्रत्येक बादलीशेजारी असावे, हा या पुस्तकातला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे आणि कदाचित सगळ्यात मोलाचाही.

दुसरी मेख घाणीची. रक्त, पू, माती यांच्यावर क्लोरीन ओतले तर ते घाणीशीच झगडण्यात खर्च होते, जिवाणूपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी साबणपाण्याने पुसायचे, मग हायपो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात द्रावण केले तरी हेच घडते. ऑगस्ट 2019च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि सांगली शहराचा मोठा भाग पाण्यात बुडाला. असे पाणी ओसरल्यावर दवाखान्यात आधी पावडर फेकण्याची घाई होते. गाळावर फेकलेली पावडर जवळजवळ वाया जाते. गाळ काढा, धुवा, मग पावडर. पुरानंतर काय करायचे यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, कारण कृष्णा आणि वारणा पुन्हा वर येणार आहेत.

तिसरी मेख वेळेची. हायपोला काम करायला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. पुसून लगेच कोरड्या फडक्याने चमकवले तर चमक येते, जंतुनाश होत नाही. आणि फिनेल? फिनेलचा वास आला की नातेवाइकांना दवाखाना स्वच्छ वाटतो. तो वास नाकाला समाधान देतो, पण कॉटच्या कठड्याची हमी त्यावरून देता येत नाही.

आता फडक्याविषयी. एकाच बादलीत, एकाच फडक्याने सहा कॉट पुसल्या तर पहिल्या कॉटवरचे जिवाणू सहाव्या कॉटवर आपणच नेऊन ठेवतो. वॉर्डमध्ये हे रोज घडते आणि त्याचे खापर फुटते पुसणाऱ्यावर. मला इथे थोडे थांबून बोलायचे आहे. रात्रपाळीला एक मावशी आणि एक मामा, वॉर्डात तीस कॉट, त्यातल्या काहींच्या मध्ये जमिनीवर घातलेल्या गाद्या, हातात दोन फडकी, वरून 'पेशंट आलाय, लवकर कॉट करा' अशी हाक. अशा वेळी एका कॉटला दहा मिनिटे देणे त्यांच्या हातात असते का? त्यांना हातमोजे वेळेवर मिळत नाहीत, पगार कंत्राटदाराकडून दोन-दोन महिने उशिरा होतो, हायपो आणि संडासाचे ॲसिड एकत्र केले तर विषारी वायू सुटतो हे त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि त्यांनी स्वतः कल्चर रिपोर्ट कधी पाहिलेला नसतो. ज्या माणसाच्या हातून रुग्णाचा संसर्ग टळणार आहे, त्याला संसर्ग म्हणजे काय हे सांगण्याची तसदी आपण घेत नाही. हा निष्काळजीपणा मावशींचा नाही. तो व्यवस्थापनाचा आहे, डॉक्टरांचा आहे आणि आम्हा प्रयोगशाळेत बसणाऱ्यांचाही आहे.

या माणसांना वेळ आणि शिक्षण दिले तर फरक पडतो याला भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या 11 रुग्णालयांत सफाई कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले, योग्य जंतुनाशके दिली गेली आणि पुसले गेले की नाही हे अदृश्य खुणांनी तपासून त्यांनाच दाखवले गेले. 2019 साली निष्कर्ष छापून आले. व्हँकोमायसिनला दाद न देणाऱ्या एंटरोकोकसचे संसर्ग एक तृतीयांशाहून अधिक घटले. इतर काही जिवाणूंच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. 2024 साली तिथल्याच एका रुग्णालयाचा अभ्यास आला. रक्तदाब यंत्र, सलाइन पंप, व्हीलचेअर अशी अनेक रुग्णांना वापरली जाणारी साधने पुसण्यासाठी आठवड्याच्या कामाच्या दिवसांत रोज तीन तास जादा दिले गेले, आणि रुग्णालयात होणारे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. तीन तास. नवे औषध नाही, परदेशी यंत्र नाही.

पुसले गेले की नाही हे तपासण्याची ती युक्ती आपल्याकडेही सहज जमते. साध्या प्रकाशात न दिसणारा, अतिनील टॉर्चखाली चमकणारा जेल कठड्यावर, दाराच्या मुठीवर, नळावर ठिपक्याएवढा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. मात्र ही तपासणी कुणाला पकडण्यासाठी केली की ती संपली. ठिपका राहिला असेल तर तो का राहिला, हे पुसणाऱ्यालाच विचारायचे. बहुतेकदा उत्तर शहाणपणाचे असते: तिथे हात पोचत नाही, तिथे नातेवाइकांचे डबे ठेवलेले असतात, ते यंत्र पुसू नका असे सिस्टरनी सांगितले होते.

यंत्रांविषयी आणि नव्या युक्त्यांविषयी थोडक्यात. अतिनील दिवे, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ, जिवाणूंना खाणारे विषाणू यांवर चांगले काम चालू आहे. तांब्याच्या पृष्ठभागावर जिवाणू काही तासांत मरतात हे सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 साली तांब्याच्या मिश्रधातूंना जिवाणूनाशक म्हणून मान्यता दिली. पण तांब्याच्या मुठीवर घाणीचा थर बसला तर तीही काम करत नाही, आणि अतिनील दिव्याचा प्रकाश सावलीत पोचत नाही. यंत्र आले म्हणून फडके सुटत नाही. कोविडच्या पहिल्या वर्षी हा धडा आपण सगळ्यांनी घ्यायला हवा होता. मार्च 2020मध्ये इस्लामपूरला एकाच कुटुंबातून रुग्ण सापडू लागले आणि राज्याचे लक्ष सांगली जिल्ह्याकडे वळले. पुढच्या काही आठवड्यांत द्राक्षबागांवर फवारणी करणारे ट्रॅक्टरचे ब्लोअर गावोगाव हायपो उडवत फिरले. मागची भावना चांगली होती. पण मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की फवारणीने पृष्ठभाग नीट निर्जंतुक होत नाहीत, ते पुसावेच लागतात. त्याच काळात रुग्णालयांत एकच हातमोजा घालून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याची सवय लागली. मोजा घालणाऱ्याला सुरक्षित वाटते, पण जिवाणूंच्या दृष्टीने त्या मोज्यात आणि हातात काही फरक नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशोब मांडला तेव्हा 2020 सालात तिथल्या रुग्णालयांतले औषधप्रतिरोधक संसर्ग आणि त्यांमुळे झालेले मृत्यू किमान 15 टक्क्यांनी वाढलेले निघाले.

सिंक आणि बेसिनचे प्रकरण वाचकांनी वगळू नये अशी विनंती आहे. कॉट, टेबल, फरशी यांच्याकडे निदान नजर जाते, पण बेसिनच्या खालच्या वाकड्या नळीत पाणी साचते, तिथे जिवाणूंचा चिकट थर तयार होतो आणि नळ जोरात सोडला की त्याचे शिंतोडे आजूबाजूला उडतात. उरलेले सलाइन, प्रतिजैविकाचे उरलेले द्रावण, रुग्णाच्या तोंडातले पाणी हे सगळे त्याच बेसिनमध्ये ओतले जाते. औषध आणि जिवाणू एकाच नळीत मुरत ठेवण्यासारखे हे आहे. हात धुण्याचे बेसिन फक्त हात धुण्यासाठी, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ साधते.

आपल्याकडे नियमांची कमतरता नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अनेक प्रतिजैविके विकू नयेत म्हणून 2014 पासून अनुसूची एच-1 लागू आहे. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी 2015 साली कायाकल्प योजना सुरू झाली. संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी 2020मध्ये आली. कायाकल्पमुळे अनेक ग्रामीण रुग्णालयांचे रूप पालटले, हे मी आनंदाने नोंदवतो. पण पाहणीच्या आठवड्यात लागणारा रंग आणि वर्षभर रोज पुसला जाणारा कठडा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि रुग्णाचा जीव दुसरीवर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या 100 रुग्णांपैकी सात जणांना तिथेच संसर्ग होतो, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना. सात आणि पंधरा यांमधले ते आठ रुग्ण औषधांच्या अभावी नव्हे, तर बरेचदा पाणी, साबण, जागा आणि माणसे कमी पडल्यामुळे आजारी होतात.

या पुस्तकातली भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे. वॉर्डात ज्या शब्दांनी काम चालते तेच शब्द इथे आहेत. काही प्रकरणे परिचारिकांसाठी आहेत, काही छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांसाठी, एक नातेवाइकांसाठी. नातेवाइकांनी रुग्णाच्या कॉटवर बसू नये, डबा औषधांच्या ट्रॉलीवर ठेवू नये, आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरना "हात धुतलेत का?" असे विचारायला संकोचू नये. तो प्रश्न अपमान नाही, आणि ज्या डॉक्टरला तो अपमान वाटतो त्याने हे पुस्तक आधी वाचावे.

सातारा-सांगलीतल्या रुग्णालयप्रमुखांना माझी विनंती आहे. पुस्तक हाती आले की 'कॉट कशी पुसावी' हे प्रकरण सफाई कर्मचाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, तेही त्यांच्या ड्यूटीच्या वेळात, पगारी तासांत, चहा देऊन. वाचून झाल्यावर यातले काय जमणार नाही आणि का, ते त्यांना विचारावे. त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत आणि पुढच्या खरेदीच्या यादीत फडकी, बादल्या, मापपात्रे आणि माणसे यांची मागणी त्या उत्तरांवरून करावी.